तिसरी सही

फ्रीडरिश ल्युर्सनने १८७५ साली जर्मनीत ब्रेमेनजवळ होड्या बांधायला सुरुवात केली. यार्ड घरातच राहिलं, चौथ्या पिढीपर्यंत आलं. आणि बरोब्बर दीडशेव्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, बातमी आली की ल्युर्सन घराणं आपली युद्धनौका बांधणारी शाखा, एनव्हीएल, राइनमेटालला विकतंय. राइनमेटाल म्हणजे तोफा, दारूगोळा आणि रणगाडे बनवणारी कंपनी. सौद्यात चार यार्डं आणि सुमारे २,१०० माणसं. त्यातलं हॅम्बुर्गचं ब्लोम अँड फॉस हे नामांकित यार्ड याच घराण्याने २०१६ मध्ये विकत घेतलेलं.

चर्चा सगळी घेणाऱ्याबद्दल चालली होती. जमिनीवरची कंपनी पाण्यात उतरली, युरोप शस्त्रसज्ज होतोय, वगैरे. माझं लक्ष मात्र घराण्याने काय ठेवून घेतलं याकडे गेलं. त्यांनी यॉटचा धंदा ठेवला. १८० मीटर लांबीची 'अझ्झाम' ज्यांनी बांधली, ते अब्जाधीशांसाठी बांधत राहणार; सरकारसाठी बांधणं दुसऱ्याने बघावं.

मला यात फार शहाणपण दिसलं. यॉट घेणारा कितीही बडा असला तरी तो एक माणूस असतो. तो चिडेल, पैसे अडवेल, शेवटच्या क्षणी जिना डावीकडून उजवीकडे हलवायला सांगेल, पण त्याला नाही म्हणता येतं, कोर्टात खेचता येतं, आणि तो गेला तर दुसरा येतो. नौदलाचं तसं नाही. देशाला नौदल एकच असतं. ते रुसलं तर धंदा बदलायचा किंवा देश.

हे मला चटकन सुचलं त्याला कारण आहे. मी कॉस्ट अकाउंटंट. कंपन्या विकल्या जातात तेव्हा घेणाऱ्याच्या वतीने कागद आणि माल तपासणं हा माझा व्यवसाय. मागे एकदा अशाच एका घराण्याच्या यार्डात बरेच दिवस बसलो होतो. तीन भाऊ. आजोबा लाकडी गलबतं बांधायचे, वडिलांनी लोखंडी बार्ज बांधले, आणि या तिघांनी निविदा भरून भरून सरकारी गस्तीनौका मिळवल्या. मी गेलो तोवर यार्डात खाजगी काम नावालाच उरलं होतं.

पहिलं काम मालाची मोजणी. स्टोअरमध्ये दोन प्रचंड डिझेल इंजिनं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली, आत दमट हवा शिरू नये म्हणून रसायनाच्या पुड्या, बाहेर आर्द्रता दाखवणारी छोटी चकती. चकतीचा रंग दर आठवड्याला बघून वहीत लिहायचा आणि सही करायची. मी किंमत लिहायला पेन उघडलं तर स्टोअरकीपर म्हणाला, "ती आपली नाहीत साहेब, गिऱ्हाइकाची आहेत." रडारचा खोका? गिऱ्हाइकाचा. तोफेची बैठक? तीही त्यांचीच, वर कुलूप, आणि किल्ली यार्डात बसणाऱ्या नौदलाच्या पथकाकडे. अशा वस्तूंना लाल पट्टीचं लेबल होतं. अख्खी एक रांग लाल निघाली तेव्हा तो गृहस्थ हसून म्हणाला, "साहेब, शेठचं काय काय आहे ते विचारा ना, लवकर संपेल."

बाहेर स्लिपवेवर, म्हणजे जहाज बांधून पाण्यात सोडायच्या उतारावर, गस्तीनौकेचा सांगाडा उभा होता. पुढचा भाग रंगवून झालेला, मागे अजून वेल्डिंगच्या ठिणग्या. निदान हा तरी यांचा असेल? तोही नव्हता. सरकारी जहाजाचे पैसे टप्प्याटप्प्याने येतात: करार झाला की काही टक्के, पत्रा कापायला घेतला की काही, कील म्हणजे तळाचा कणा ठेवला की, पाण्यात सोडली की, समुद्रात चाचणी झाली की. आणि त्या करारात कलम होतं की जसजसा हप्ता मिळेल तसतशी बांधलेल्या भागाची, आणि त्या जहाजासाठी म्हणून आणलेल्या मालाचीही, मालकी गिऱ्हाइकाकडे जाईल. बुडाली, जळली तर मात्र सुपूर्द होईपर्यंत जोखीम यार्डाची. म्हणजे मालकी त्यांची आणि काळजी आपली. आराखडा सरकारी. यार्डाखालची जमीन बंदर खात्याची, भाडेपट्ट्याने.

मग विकायला होतं काय? क्रेन, पत्रा वाकवायचं जुनं पण भक्कम मशीन, दोन शेड. बाकी सगळं डोळ्यांना न दिसणारं. कुठला वेल्डर डोक्यावरच्या जोडाला हात घालू शकतो आणि कुठला नाही. लॉफ्टमधला, म्हणजे आराखडे पूर्ण मापात आखतात त्या माडीवरचा, तो म्हातारा फिटर, ज्याला कागदावरचा पत्रा वाकवल्यावर किती आखडेल हे मोजण्याआधी कळतं. तपासणी पथकाच्या कुठल्या अधिकाऱ्याला रंगाची जाडी दाखवताना कुठून सुरुवात करावी. ताळेबंदात यासाठी रकाना नाही. आणि एक असतं ऑर्डर बुक, म्हणजे हातातले करार. घेणारा सगळे पैसे खरं तर त्याचेच मोजत असतो.

गंमत अशी की तेच विकता येत नाही.

सरकारी कराराच्या मागच्या पानांत एक कलम ठरलेलं असतं: लेखी परवानगीशिवाय हा करार दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही. अमेरिकेत तर यासाठी खास कायदा आहे. सरकारी करार परस्पर हस्तांतरित केला तर सरकार तो मोडीत काढू शकतं. नव्या मालकाला मान्यता द्यायची तर सरकार, विकणारा आणि घेणारा असा त्रिपक्षीय करार व्हावा लागतो. त्याला नोव्हेशन म्हणतात. त्यातून एक पळवाट आहे: यार्डाची मालमत्ता न घेता कंपनीचे शेअरच घ्यायचे. कंपनी तीच, करार तिच्याच नावावर, बदलला तो फक्त शेअर बाळगणारा. तिथल्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की अशा वेळी नोव्हेशनची गरज नाही. वकिलांना ही पळवाट फार आवडते. व्यवहारात तिच्याही तोंडाशी माणूस बसलेला असतो: संरक्षण खात्याची सुरक्षा मंजुरी नव्या मालकाला पुन्हा मिळवावी लागते, तो परदेशी असेल तर वेगळीच चौकशी, आणि ऑर्डर लघुउद्योगासाठी राखीव असेल तर मोठ्या कंपनीच्या छत्राखाली गेल्यावर यार्ड लघु उरतच नाही. सोयरीक दोन्ही घरांनी ठरवायची आणि मुहूर्त तिसऱ्याने काढायचा, तोही त्याच्या सवडीने.

आमच्या सौद्यात पळवाट बंद होती. करारातच लिहिलं होतं की कंपनीवरचा ताबा बदलला तरी परवानगी लागेल. अर्ज गेला. महिने गेले. त्या काळात घेणारे रोज मला विचारायचे, ऑर्डर बुकची किंमत काय धरायची? मी म्हणायचो, सही झाली तर इतकी, नाही झाली तर उणे. त्यांना वाटायचं मी चेष्टा करतोय.

उणे किंमत ही कल्पना चेष्टेची नाही. सिंगापूरच्या एसटी इंजिनिअरिंगचं अमेरिकेतल्या मिसिसिपीमध्ये यार्ड होतं, व्हीटी हॉल्टर मरीन. २०१९ मध्ये त्यांना तिथल्या कोस्ट गार्डसाठी बर्फ फोडणारी मोठी जहाजं बांधायचा करार मिळाला, पहिल्याच जहाजाच्या आराखड्याचे आणि बांधकामाचे ७४ कोटी डॉलरहून जास्त. तीनच वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, त्यांनी तो सगळा सागरी धंदा विकला. मूळ किंमत दीड कोटी डॉलर. कागदावर एवढा करार असलेलं यार्ड त्याच्या दोन टक्क्यांत गेलं. कारण करार ठरल्या किमतीचा होता आणि आराखडाच पुरा होत नव्हता. रोज काम केलं की रोज तोटा. घेणारे बोलिंजर. लुइझियानातलं, १९४६ पासून घराण्याच्या हातात असलेलं यार्ड. म्हणजे इथे घराणं विकणारं नव्हे, घेणारं. त्यांनी दीड कोटीत एक डोकेदुखी घेतली असं बऱ्याच जणांना वाटलं. मार्च २०२५ मध्ये कोस्ट गार्डने त्याच करारात दुरुस्ती करून आणखी सुमारे ९५ कोटी डॉलर मंजूर केले. मला या हिशेबात बोलिंजरच्या हुशारीपेक्षा एसटीच्या कंटाळ्याचं जास्त आकर्षण वाटतं. गिऱ्हाइकाकडे जाऊन 'एवढ्यात परवडत नाही' म्हणायला एक विशिष्ट प्रकारचा मालक लागतो, जो आणखी तीस वर्षं त्याच दारात उभा राहणार आहे हे त्या गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं.

अर्थात गिऱ्हाईक नेहमी असं वळत नाही, आणि वळलं तरी अर्धंच वळतं. फ्लोरिडातलं ईस्टर्न शिपबिल्डिंग हे असंच खाजगी मालकीचं यार्ड. २०१६ मध्ये कोस्ट गार्डच्या गस्ती जहाजांचं मोठं काम त्यांना मिळालं, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये मायकल चक्रीवादळ थेट त्यांच्या गावावरून गेलं. सरकारने पुढच्या वर्षी खास तरतूद वापरून पहिल्या चार जहाजांसाठी ६५.९ कोटी डॉलरपर्यंत जादा मदत दिली. त्याच वेळी सांगितलं की पुढच्या जहाजांची निविदा नव्याने निघेल. ती २०२२ मध्ये दुसऱ्याला गेली.

इथवर सरकार फक्त गिऱ्हाईक आहे. पण त्याच्याकडे आणखी एक टोपी असते. ते कायदाही करतं.

आल्फ्रेड यारो याने १८६५ मध्ये लंडनच्या थेम्स काठी यार्ड काढलं, ब्रिटिश नौदलाच्या पहिल्या विनाशिकांपैकी 'हॅवॉक' तिथेच बांधली, आणि १९०६ नंतर सगळा कारभार ग्लासगोला क्लाइड नदीवर नेला. सत्तरच्या दशकात कंपनी शेअर बाजारात नोंदलेली होती, पण अध्यक्षाच्या खुर्चीत त्याचा नातूच होता, सर एरिक यारो. काम मुख्यतः नौदलाच्या फ्रिगेट युद्धनौकांचं. मजूर पक्षाच्या सरकारने जहाजबांधणी आणि विमानबांधणी ताब्यात घ्यायचं ठरवलं. विधेयकावर संसदेत इतकं रण माजलं की मे १९७६ मध्ये विरोधी बाकांवरच्या मायकल हेझल्टाइन यांनी सभागृहातला राजदंड उचलून समोरच्या बाकांकडे रोखला. हा प्रसंग ब्रिटनमध्ये अजून चवीने सांगितला जातो, आणि तो कुठल्या विधेयकावरून घडला हे सांगणाऱ्याला बहुधा आठवत नसतं.

१ जुलै १९७७ ला यार्डं सरकारजमा झाली. भरपाईची किंमत कशी काढायची? कायद्याने सांगितलं: १ सप्टेंबर १९७३ ते २८ फेब्रुवारी १९७४ या सहा महिन्यांत शेअरचा जो भाव होता किंवा असता, तो. ताबा १९७७ मध्ये, भाव १९७४ चा. मध्ये १९७५ साली ब्रिटनमधली महागाई वर्षाला २४ टक्क्यांवर गेली होती. तिची भरपाई नाही. यारोच्या जहाजबांधणी कंपनीपोटी सुमारे ६० लाख पौंड मिळाले. विल्यम लिथगो, व्हॉस्पर, विकर्स, यारो असे सगळे जुने मालक मिळून स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. ८ जुलै १९८६ ला निकाल लागला: राष्ट्रीयीकरणात बाजारभाव मिळालाच पाहिजे असा हक्क नाही, सरकारने वाजवी चौकटीत राहून ठरवलं आहे. हरले. त्याच्या आदल्या वर्षी, १९८५ मध्ये, सरकारने यारोचं तेच यार्ड जीईसी या खाजगी कंपनीला ३.४ कोटी पौंडांना विकलं होतं. आठ वर्षांत यार्ड बदललं होतं, पैशाची किंमत बदलली होती, त्यामुळे सरळ तुलना करू नये हे मला धंद्यामुळे कळतं. तरी मी ती करतो.

मराठी वाचकाला इथे उद्योगपती वालचंद हिराचंद आठवणारच. त्यांची सिंधिया ही जहाज कंपनी काही एका घराण्याची मिळकत नव्हती, पण विशाखापट्टणमचं यार्ड ही वालचंदांची जिद्द होती. कोलकात्याला जागा मिळाली नाही म्हणून विशाखापट्टणम. २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी. पुढच्याच वर्षी जपानी बाँब पडले आणि काम थांबलं. १४ मार्च १९४८ ला तिथलं पहिलं जहाज, 'जलउषा', नेहरूंच्या हस्ते पाण्यात गेलं. आणि १९५२ मध्ये यार्डाचा दोन-तृतीयांश हिस्सा सरकारकडे गेला, हिंदुस्थान शिपयार्ड नावाने. वालचंद तेव्हा आजारी, कारभारातून निवृत्त. पुढच्या वर्षी गेले. उरलेला हिस्साही १९६१ मध्ये सरकारने घेतला. हे सरकारने बळकावलं असं कोणी म्हणतं, सरकारने वाचवलं असं कोणी. मला वाटतं दोन्ही एकाच कारणाने खरं आहे: इथे बांधलेलं जहाज इंग्लंडमध्ये बांधलेल्यापेक्षा महाग पडत होतं आणि तो फरक भरून देणारा सरकारखेरीज कोणी नव्हता. जो फरक भरतो तो आज ना उद्या आत येऊन बसतो. याच वालचंदांच्या बंगळुरूच्या विमान कारखान्यातला हिस्सा १९४२ मध्येच सरकारने घेतला होता. मोटारींचा कारखाना त्यांच्याकडे राहिला. गाडी कोणीही विकत घेऊ शकतं.

पुन्हा आमच्या तीन भावांकडे येतो. ते विकत का होते, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. धंदा बरा चालला होता, पुढची पिढीही होती. थोरल्यांची मुलगी नौकाशास्त्र शिकून यार्डातच काम करत होती. सगळ्यात चांगले नकाशे तिचे असं फिटर सांगायचे. एका संध्याकाळी थोरल्यांनी कपाटातून एक फाईल काढून पुढे ठेवली. बँक गॅरंट्यांची होती. सरकारी करारात आगाऊ रकमेसाठी गॅरंटी, काम नीट होईल याची गॅरंटी, सुपूर्द केल्यावर वर्षभराची गॅरंटी. ती बँक देते, आणि बँक ती देण्यासाठी मालकांची वैयक्तिक हमी घेते. तिघांची राहती घरं त्या फाईलमध्ये होती, बायकांच्या सह्यांसकट. नव्या जहाजासाठी बँकेला पुढच्या पिढीचीही सही हवी होती. मुलगी बापाला म्हणाली होती, "बाबा, जहाज मी बांधेन. पण माझं घर मी यात टाकणार नाही." थोरले हे सांगताना रागावलेले वाटले नाहीत. म्हणाले, "तिचं बरोबर आहे हो. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, वडिलांनी कागद पुढे केला आणि आम्ही सही केली."

आणि इथेच सौदा अडकला. भावांना घरं सोडवून हवी होती. बँक म्हणे, नव्या मालकाच्या गॅरंट्या आल्या की जुन्या सोडू. नव्या मालकाची बँक म्हणे, करार आमच्या माणसाच्या नावावर झाला की गॅरंटी देऊ. नौदलाचं खातं म्हणे, नव्या गॅरंट्या हातात आल्याखेरीज करार नावावर करणार नाही, आणि तोवर जुन्या सोडणार नाही. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी चोख होतं. एवढ्यात सांगाड्याचं काम मंदावलं, कारण विकणाऱ्याला आता पैसे ओतायचे नव्हते आणि घेणाऱ्याला अजून ओतायचे नव्हते. पाइपचे फिटर दोन पाळ्यांऐवजी एका पाळीत यायला लागले. नौदलाच्या पथकाचा प्रमुख रोज सकाळी स्लिपवेवर फेरी मारायचा, घड्याळाकडे बघितल्यासारखं सांगाड्याकडे बघायचा, आणि एक पत्र पाठवायचा. मला तो माणूस आवडायचा. त्याला जहाज हवं होतं. ते कोणाचं यार्ड बांधतंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

शेवटी वकिलांनी नेहमीचा उपाय केला. सगळ्यांनी आपापली कागदपत्रं सही करून एका त्रयस्थाकडे ठेवायची, शेवटचा कागद आला की सगळी एकाच क्षणी लागू. शेवटचा कागद अर्थातच खात्याचा होता. तो एका शुक्रवारी संध्याकाळी आला, साध्या कुरिअरने. दीड पानांचं पत्र, त्यातलं एक पान जुन्या पत्रांचे संदर्भ. घेणाऱ्यांनी पेढे मागवले. धाकट्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, सुपूर्द करायची तारीख वाढवून दिली आहे का? नव्हती दिली.

नौका उशिरा सुपूर्द झाली. उशिरापोटी आठवड्याला ठरावीक टक्के दंड लागतो, त्याला वरची मर्यादा असते, ती जवळजवळ गाठली गेली. आता वाद असा की त्यातले किती आठवडे ताबा बदलायच्या आधीचे, म्हणजे भावांचे, आणि किती नंतरचे. ज्या महिन्यांत खातं परवानगीचा विचार करत होतं ते कोणाच्या खात्यात धरायचे? विक्रीच्या करारात त्यासाठी कलम आहे, दोन्ही बाजू ते आपल्या बाजूने वाचतात. माझी मोजणीची वही पुराव्यात लागली म्हणून मलाही दोनदा लवादापुढे बसावं लागलं. पथकप्रमुखाची सगळी पत्रं तिथे पुन्हा वाचली गेली, तारीखवार. मुलगी नव्या मालकाकडे पगारावर राहिली आहे, आता डिझाइन विभाग तिच्याकडे आहे. ती दुसऱ्या बाजूची साक्षीदार होती. सुनावणीच्या मधल्या सुटीत बापलेक एकाच टेबलावर डबा खात बसले होते आणि पुढच्या नौकेच्या पंख्याबद्दल बोलत होते. खात्याला या लवादाशी काही कर्तव्य नाही. त्यांनी दंड शेवटच्या हप्त्यातून आधीच कापून घेतला आहे.